लहान लिबरल आर्ट्स कॉलेजं आणि आर्थिक मदत: मुलीसाठी यादी कशी करावी?

द्राक्षबाग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मुलगी नाशिकमध्ये अकरावीला आहे. राज्य मंडळ, विज्ञान शाखा. जीवशास्त्र तिचा जीव की प्राण, पण अर्थशास्त्रही सोडायचं नाही म्हणते. तिच्या ओळखीच्या एका मुलीला अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात जवळजवळ सगळ्या खर्चाची मदत मिळाली. तेव्हापासून आमच्या घरात 'लिबरल आर्ट्स', म्हणजे विज्ञान, कला, सामाजिक शास्त्रं असे वेगवेगळे विषय एकत्र शिकता येणारी पदवी, हा शब्द रोजच्या जेवणात असतो.

मी अनुदानित शाळेत शिक्षक, बायको पतपेढीत. दोघांचं मिळून वर्षाला साधारण १५ लाख. एक फ्लॅट आहे, त्याचे हप्ते अजून सहा वर्षं. दिंडोरीला वडिलोपार्जित तीन एकर, भावाबरोबर सामाईक.

पुण्यातल्या एका सल्लागाराकडे जाऊन आलो. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी सांगितलं, वर्षाला ७५-८० लाख, चार वर्षांचे तीन कोटींच्या वर, झेपत असेल तर पुढे बोलू. परतीच्या वाटेवर सिन्नर येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही.

तर विचारायचं हे की आमच्यासारख्यांनी या वाटेला जावं का? जायचं तर कॉलेजं निवडायची कशी? मला वर्षाला चार लाख, फार ओढून ताणून पाच लाख देता येतील. त्यापुढे शक्य नाही, आणि तिच्या डोक्यावर कर्ज नको आहे.

स्पष्टवक्ता_पुणे

दादा, राग मानू नका, पण तीन एकर आणि एका फ्लॅटच्या जिवावर अमेरिकेची स्वप्नं पाहू नयेत असं मला मनापासून वाटतं. जीवशास्त्र आवडतं ना? मग आपल्या पाषाणला आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था आहे. पाच वर्षांत बीएस-एमएस, फी आवाक्यात, प्रयोगशाळा उत्तम. कॉलेजचं नाव कोणी ऐकलेलं नाही अशा ठिकाणी चार वर्षं घालवून परत आल्यावर इथे कोण विचारणार?

ठाणेकर_आई

द्राक्षबाग दादा, तुमचा सिन्नरपर्यंतचा प्रवास वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचाही असाच झाला होता, फक्त कसारा घाटातून. मुलगा २०२३ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका छोट्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. चार वर्षांत आमच्या खिशातून जे गेलं ते इथल्या एखाद्या खाजगी इंजिनियरिंग कॉलेजपेक्षा फार जास्त नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते.

सल्लागारांनी सांगितला तो छापील भाव. वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपास, आणि आकडा खराच आहे. पण या कॉलेजांत शेजारी शेजारी बसलेली दोन मुलं वेगवेगळे पैसे भरत असतात. कोणाचे वडील पूर्ण ९०,००० भरतात, कोणाचे ४,०००. म्हणून यादी करायला बसाल तेव्हा कॉलेजचं नाव आधी पाहू नका. आधी आपला आकडा कागदावर लिहा. तुमचा समजा ५,००० डॉलर. आता शोधायचं ते असं कॉलेज, जे ५,००० डॉलर देणाऱ्या भारतीय मुलीला खरोखर घेतं. "आम्ही उदारपणे मदत करतो" असं तर सगळ्याच वेबसाइटवर लिहिलेलं असतं.

दोन शब्द पक्के करून घ्या. 'नीड-ब्लाइंड' म्हणजे प्रवेश ठरवताना तुम्ही किती मदत मागितली हे बघतच नाहीत. 'नीड-अवेअर' म्हणजे बघतात. गोम अशी की बहुतेक कॉलेजं अमेरिकन नागरिकांसाठी ब्लाइंड आणि परदेशी मुलांसाठी अवेअर असतात. परदेशी मुलांनाही ब्लाइंड असणारी लहान कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मॅसॅच्युसेट्सचं ॲमर्स्ट २००८ पासून, मेन राज्यातलं बोडन २०२२ पासून, आणि अलीकडे विल्यम्स. तिथे पैशाची अडचण नाही, पण जगभरातली हुशार मुलं तिथेच रांग लावतात. त्यामुळे यादीत ही तीन असू द्या, पण नुसती ही तीन नकोत.

दुसरा गट यादीचा कणा समजा. ही कॉलेजं परदेशी मुलांसाठी नीड-अवेअर आहेत, पण ज्याला घेतात त्याची कॉलेजच्या हिशेबाने निघालेली पूर्ण गरज भागवतात. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, कार्लटन, स्वॉर्थमोर, पोमोना, व्हॅसर, हॅव्हरफर्ड, मिडलबरी, आणि मुलींसाठी माउंट होलिओक, स्मिथ, वेलस्ली, ब्रिन मॉर. 'कॉलेजच्या हिशेबाने' हे शब्द अधोरेखित करा. तुमची गरज तुम्ही ठरवत नाही, ते ठरवतात.

आता खरी किल्ली. बरीच कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा दस्तऐवज आपल्या साइटवर टाकतात. लांबलचक आणि कंटाळवाणा असतो, पण त्यातला एच-६ हा भाग शोधा. किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने मदत दिली आणि सरासरी किती डॉलर, हे तिथे असतं. एकूण परदेशी विद्यार्थी किती ते बी-२ मध्ये. भागाकार करा. समजा एका कॉलेजात २०० परदेशी मुलं आहेत, १६० जणांना मदत मिळते आणि सरासरी ६५,००० डॉलर येते. ते कॉलेज तुमच्या कामाचं. दुसऱ्याकडे ३०० मुलं आहेत, मदत ४० जणांना, सरासरी २०,०००. ते गुळगुळीत माहितीपत्रकात कितीही गोड बोलो, तुमचा अर्ज तिथे वाया जाईल. आम्ही मायलेकांनी दोन रविवार घालवून एक्सेलमध्ये चाळीस कॉलेजांचा तक्ता केला. त्यातून अकरा उरली.

आणि कृपा करून कोणी "आत्ता मदत मागू नका, चान्स वाढेल, पहिल्या वर्षानंतर मागा" असा सल्ला दिला तर ऐकू नका. बऱ्याच कॉलेजांचा नियम असा आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही. आमच्या ओळखीत एका मुलाला दुसऱ्या वर्षी घरी परतावं लागलं आहे.

सई_कोल्हापूर

वाचतेय. ठाणेकर ताई, तीन वर्षं माहिती काढतेय, एच-६ बद्दल कोणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार.

एडिसनवासी

ठाणेकर ताईंच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. आमची तऱ्हा जरा वेगळी आहे, ती इथे लिहून ठेवतो, कारण न्यू जर्सीत आणि बे एरियात माझ्यासारखी मराठी घरं पुष्कळ आहेत.

मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. दोन वर्षांची असताना इथे आली, बालवाडीपासून सगळं शिक्षण इथलंच. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे ते सांगायला नको. आम्ही समजत होतो की ती अमेरिकन शाळेत शिकली म्हणजे 'इथली'. तसं नाही. सरकारी मदतीचा फाफ्सा अर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना, एच-४ ला नाही. आणि मदतीच्या बाबतीत अनेक कॉलेजं तिला परदेशी विद्यार्थी धरतात. सगळी नव्हे. आम्ही चौदा कॉलेजांच्या प्रवेश कार्यालयांना एकाच मजकुराची ईमेल पाठवली: "मुलगी एच-४ वर आहे, अमेरिकन हायस्कूलमध्ये आहे, मदतीसाठी तिची गणना कोणत्या गटात होईल?" उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. ती सगळी छापून फाइलला लावली. ज्याला हा प्रश्न आहे त्याने दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये, लेखी उत्तर घ्यावं.

अजून एक. मदतीच्या पत्रात वर्षाला दोन-तीन हजार डॉलर 'कॅम्पसवर काम करून' असे धरलेले असतात. एच-४ वर असलेल्या मुलाला काम करताच येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलं तरच येतं. आणि २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतोच, म्हणजे बदल आज ना उद्या करावा लागणारच. आम्ही तो कॉलेज सुरू होण्याआधीच केला.

द्राक्षबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. ती आत्ता लॅपटॉप घेऊन एच-६ शोधत बसली आहे.

एक शंका. माझ्या नावावर फ्लॅट आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. हे सगळं दाखवल्यावर ते म्हणणार नाहीत का, की विका आणि फी भरा? द्राक्षाचं उत्पन्न तर असं आहे की एका वर्षी हातात येतं, दुसऱ्या वर्षी गारपिटीत औषधाचाही खर्च निघत नाही.

लेखापाल

मी सनदी लेखापाल आहे, नात्यातल्या दोन मुलांचे अर्ज भरले आहेत, त्यावरून सांगतो.

बहुतेक कॉलेजं 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा आर्थिक मदतीचा अर्ज मागतात. तो कॉलेज बोर्ड ही अमेरिकेतली संस्था चालवते, दरवर्षी १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर शुल्क आहे, त्यामुळे यादी वाढली की इथेच खर्च वाढतो. काही कॉलेजं परदेशी मुलांना शुल्कमाफीचा कोड देतात किंवा स्वतःचा फुकट अर्ज चालवतात. ईमेल करून मागायला लाजू नका.

उत्पन्न प्रवेशाच्या दोन वर्षं आधीचं विचारतात. म्हणजे मुलगी अकरावीत असतानाचे फॉर्म १६ आणि आयटीआर महत्त्वाचे, ते आत्ताच नीट जपून ठेवा. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त आहे म्हणून ते दाखवायचं नाही असा गैरसमज आहे. अर्जात करमुक्त उत्पन्नाचा वेगळा रकाना असतो, तिथे ते लिहायचं. सामाईक जमिनीत फक्त तुमच्या हिश्श्याची किंमत द्यायची, सगळ्या तीन एकरांची नव्हे. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून ठेवा. भविष्य निर्वाह निधी निवृत्तीच्या रकान्यात जातो, बचतीच्या नव्हे. लोक इथे हमखास चुकतात, आणि मग कॉलेजला वाटतं की यांच्याकडे रोख रक्कम पडून आहे.

राहत्या घराची किंमत विचारतात, कर्ज किती बाकी तेही विचारतात. ती किती धरायची हे प्रत्येक कॉलेज आपल्या सूत्राने ठरवतं. राहतं घर विकून फी भरा असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि शेवटी 'विशेष परिस्थिती' असा मोकळा रकाना असतो, त्याचा पुरेपूर उपयोग करा. गारपीट कोणत्या वर्षी झाली, बागेचं किती नुकसान झालं, पंचनाम्याची प्रत, पीककर्ज किती. आयोवात किंवा मिनेसोटात बसलेल्या अधिकाऱ्याला शेतकऱ्याचं नुकसान समजतं, ती शेतीचीच राज्यं आहेत. फक्त रडगाणं नको, आकडे द्या.

एकही आकडा लपवू नका. पगार दाखवायचा आणि ठेव लपवायची असं करणाऱ्यांचे मिळालेले प्रवेश रद्द होऊ शकतात.

मिरजकर_मुलगी

द्राक्षबाग काका, मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका महिला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. मिरजेची, बाबा एसटीत. तुमच्या मुलीला सांगा, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर म्हणून. काहीही विचार.

इथे काय आहे ते सांगते. माझ्या सगळ्यात छोट्या वर्गात नऊ जणी आहेत. पहिल्या सेमिस्टरला मी वर्गात तोंडच उघडायचे नाही, कारण आपल्याकडे सरांनी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. प्राध्यापिकेने बोलावून घेतलं, तासभर बसवलं आणि विचारलं की तुला काय वाटतं ते मला ऐकायचं आहे. मला आजवर कोणी असं विचारलंच नव्हतं. आता मी जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही करते, काका, अगदी तुमच्या मुलीला हवं आहे तसं! कोणी भुवया उंचावत नाही. जवळच्या पाच संस्थांचा संघ आहे: ॲमर्स्ट, स्मिथ, माउंट होलिओक, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ. एका ठिकाणी नाव असलं तरी बाकीच्यांचे वर्ग करता येतात, बस फुकट असते. लहान कॉलेज म्हणजे विषय कमी, ही भीती त्यामुळे निघून गेली.

आता पत्रात न दिसणारे खर्च. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते.

मदतीतला ट्यूशन फीचा भाग करमुक्त असतो, पण राहण्या-जेवणाला मिळालेली मदत अमेरिकेत करपात्र धरतात. एफ-१ वर असलेल्यांचा त्यावर १४ टक्के कर आधीच कापून घेतात. पहिल्या वर्षी माझ्या खात्यावर अचानक हजार डॉलरच्या वर बाकी दिसली आणि मी रात्रभर रडले, वाटलं की काहीतरी घोटाळा झाला. घोटाळा नव्हता, फक्त आधी कोणी सांगितलं नव्हतं. नंतर कळलं की भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना विवरणपत्रात प्रमाणित वजावट घेता येते, तशी इतर देशांच्या बहुतेक मुलांना मिळत नाही. ती घेतली आणि बराचसा पैसा परत आला. पण तो मधल्या काळात आधी भरावा लागतो. त्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवा.

आरोग्य विमा काही कॉलेजं मदतीत धरतात, काही नाही, आणि तो हजारांत जातो. विमानाचं तिकीटही तसंच. डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह बंद होतं का, झालं तर कुठे राहायचं? माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात त्या काळासाठी वेगळे पैसे घेतात. पहिला कोट आणि बूट मला कॉलेजच्या एका निधीतून मिळाले, पण तो निधी आहे हेच मला जानेवारीत कळलं. तोवर दोन स्वेटर आणि आईची शाल.

काम आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं, फक्त कॅम्पसवर. मी ग्रंथालयात बसते. हातखर्च सुटतो, घरी पाठवण्याइतकं उरत नाही.

ओहायोचे_आजोबा

मी मूळचा वाईचा. ओहायोतल्या एका लहान कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. मिरजकर मुली, तुझं लिहिणं वाचून माझे विद्यार्थी आठवले.

पैसा येतो कुठून हे समजलं तर कॉलेज निवडणं सोपं जाईल. या कॉलेजांकडे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून साठलेला निधी असतो. त्यातला साधारण ४ ते ५ टक्के भाग दरवर्षी खर्चायला काढतात. विल्यम्स, ॲमर्स्ट, पोमोना, स्वॉर्थमोर, ग्रिनेल या प्रत्येकाचा निधी २०० कोटी डॉलरच्या वर आहे आणि विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दर विद्यार्थ्यामागे किती निधी, हा भागाकार करून पाहा. आयोवाच्या मक्याच्या शेतांमध्ये बसलेलं ग्रिनेल इतकं श्रीमंत कसं, असं माझे पाहुणे विचारायचे. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचा एक संस्थापक रॉबर्ट नॉइस हा तिथला १९४९ चा पदवीधर, आणि १९६८ मध्ये इंटेल सुरू होताना कॉलेजने त्यात पैसे घातले होते.

२०२५ मध्ये अमेरिकेत मोठ्या निधींवरचा कर वाढला, तेव्हा मला अनेक पालकांचे फोन आले. फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या तीन हजारांपेक्षा कमी असलेल्या संस्थांना त्या कायद्याने कर नाही. म्हणजे ही लहान कॉलेजं त्यातून सुटली.

पण सगळी लहान कॉलेजं श्रीमंत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ साली स्थापन झालेलं, २०२४ मध्ये बंद पडलं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्नही त्याच वर्षी गेलं. व्हरमाँटचं ग्रीन माउंटन २०१९ मध्ये. मुलांना मध्येच दुसरीकडे जावं लागलं, आणि मदतीचं वचन नव्या कॉलेजवर बंधनकारक नसतं. एखादं अनोळखी कॉलेज भरघोस शिष्यवृत्ती देऊ करत असेल तर गेल्या पाच-सात वर्षांत विद्यार्थिसंख्या घटते आहे का, विभाग बंद होत आहेत का, हे बघा. परदेशात बसून हे समजत नाही म्हणून पालक फसतात. मला हे फार लागतं.

जीवशास्त्राबद्दल दोन गोष्टी. यातल्या बहुतेक कॉलेजांत पीएचडीचे विद्यार्थी नसतात, त्यामुळे खरं संशोधन पदवीचीच मुलं करतात. माझ्या शोधनिबंधांवर एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांची नावं आहेत. मात्र उन्हाळ्यातल्या संशोधनाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा जो प्रसिद्ध कार्यक्रम आहे, तो फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना. म्हणून कॉलेजला विचारा: परदेशी विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधनासाठी तुमचा स्वतःचा निधी आहे का?

दुसरी गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलीच्या मनात डॉक्टर व्हायचं असेल तर या वाटेने येऊ नये. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी वैद्यकीय कॉलेजं मोजकी, आणि मदत त्याहून मोजकी. मग भारतात 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी आणि तिथेच शिकावं.

जाता जाता. १८०८ साली विल्यम्समधून पदवी घेतलेला गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. म्हणजे या डोंगरातल्या छोट्या कॉलेजाची आणि मराठी मुलखाची ओळख दोनशे वर्षांहून जुनी आहे.

मुळशीवाला

एक वाट कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. मुळशी खोऱ्यात युनायटेड वर्ल्ड कॉलेजची (यूडब्ल्यूसी) शाखा आहे, महिंद्रा यूडब्ल्यूसी. अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम, निवड राष्ट्रीय समिती करते आणि गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते. यूडब्ल्यूसीतून बाहेर पडलेल्यांना डेव्हिस शिष्यवृत्ती योजनेचा आधार मिळतो. या योजनेतून अमेरिकेतल्या भागीदार कॉलेजांना त्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी पैसे जातात. २००० साली सुरुवात झाली तेव्हा पाच कॉलेजं होती: कोल्बी, मिडलबरी, वेलस्ली, कॉलेज ऑफ द अटलांटिक आणि प्रिन्स्टन. आता कितीतरी आहेत. अकरावीतल्या मुलीला कदाचित उशीर झाला असेल, पण ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी आत्ताच बघावं.

स्पष्टवक्ता_पुणे

सगळं वाचलं. माझं आधीचं मत थोडं बदललं आहे, तसं लिहिणं मला आवश्यक वाटतं. पण नोकरीचं काय, हा प्रश्न राहतोच.

ठाणेकर_आई

रास्त प्रश्न आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयातली पदवी असेल तर शिक्षणानंतर अमेरिकेत एक वर्ष अधिक दोन वर्षं, म्हणजे तीन वर्षं काम करता येतं. इतर विषयांना एकच वर्ष. बऱ्याच कॉलेजांनी अर्थशास्त्राची नोंद 'इकॉनोमेट्रिक्स' या क्रमांकाखाली केली आहे, त्यामुळे तेही तीन वर्षांच्या गटात येतं. सगळीकडे नाही, विभागाला विचारून घ्या. आणि पीएचडीकडे जाणाऱ्यांचं प्रमाण या कॉलेजांत फार चांगलं असतं. कार्लटन, ग्रिनेल, स्वॉर्थमोर, रीड यांची नावं त्यासाठीच घेतली जातात. माझ्या मुलाला दादरच्या नातेवाइकांनी कॉलेजचं नाव तीनदा विचारलं. त्याच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांनी एकदाही विचारलं नाही, त्यांना ते माहीत होतं.

द्राक्षबाग

आता व्यवहारातली अडचण. अर्जात 'स्कूल काउन्सेलर'चं पत्र आणि नववी ते बारावीचे गुण मागतात. आमच्या ज्युनियर कॉलेजात काउन्सेलर हे पदच नाही. नववी-दहावी वेगळ्या शाळेत झाली. उपप्राचार्यांना विचारलं तर म्हणाले, बोनाफाइड देतो, बाकी आम्ही असलं काही दिलेलं नाही.

मिरजकर_मुलगी

काका, माझंही असंच होतं! उपप्राचार्यच काउन्सेलर होऊ शकतात. कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून त्यांना अर्जाच्या साइटवर लॉगिन करावं लागतं, जीमेलवरून केलं तर कधी कधी पडताळणी अडते. मी स्वतः त्यांच्या केबिनमध्ये बसून प्रत्येक रकाना समजावून सांगितला, पत्र मात्र त्यांनीच लिहिलं. त्यात कॉलेजची माहिती देणारा एक कागद जोडायचा असतो: वर्गात किती मुलं, राज्य मंडळात किती टक्के म्हणजे काय, विषय निवडायला किती वाव असतो. तो नसेल तर तिकडच्या माणसाला ८७ टक्के म्हणजे काय ते कळत नाही. नववी-दहावीच्या गुणपत्रिका जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने घ्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आत सगळं उरका, कारण नंतर कॉलेज बंद आणि साधारण अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.

आणि शिक्षकांची शिफारस जिच्या तासाला तुमची मुलगी सर्वात जास्त प्रश्न विचारते त्या बाईंकडून घ्या. क्लासच्या सरांकडून नको.

ओहायोचे_आजोबा

'अर्ली डिसिजन'बद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो. नोव्हेंबरमध्ये एकाच कॉलेजला बांधून घेऊन अर्ज करता येतो. नीड-अवेअर कॉलेजात मदतीचे पैसे तेव्हा शिल्लक असतात, म्हणून संधी थोडी बरी असते. पण दोन कॉलेजांच्या मदतीची तुलना करता येत नाही. मदत पुरेशी नसेल तर त्या बंधनातून सुटता येतं, हे लक्षात ठेवून मगच करावं. माझं मत, तुमच्या तक्त्यातलं एच-६ च्या आकड्यांत सर्वात भरवशाचं आणि मुलीला मनापासून आवडलेलं कॉलेज एकच असेल तरच.

द्राक्षबाग

काल रात्री तिघं बसून यादी केली. चौतीस कॉलेजांतून बारा उरली. ॲमर्स्ट, बोडन, विल्यम्स हे तीन. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, कार्लटन, माउंट होलिओक, स्मिथ, व्हॅसर हे सहा. गुणवत्ता शिष्यवृत्ती देणारी ओहायोची दोन, वुस्टर आणि डेनिसन, पण तिथे ती मिळूनही ५,००० च्या वर जात असेल तर सोडायचं, हे मुलीने स्वतःच कागदावर लिहून खाली सही केली. बारावं कोल्बी. कोल्बी, ग्रिनेल आणि स्मिथला अर्जाचं शुल्क नाही हेही तिनेच शोधलं.

आयसरची परीक्षा देणार आहेच. स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा आम्ही सोडलेला नाही, आणि तिला ती जागाही मनापासून आवडते.

उपप्राचार्यांना सोमवारी भेटलो. मिरजकर मुलीने सांगितलेला कागद छापून नेला होता. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, मागच्या दहा वर्षांत असं कोणी विचारायला आलं नव्हतं, मी करीन. कॉलेजचा अधिकृत ईमेल वर्षभर कोणी उघडलेला नाही, पासवर्ड क्लार्ककडे आहे, ते गुरुवारी येतात.

लेखापाल

गुरुवारी त्यांच्याकडून पासवर्ड घेऊन तुमच्यासमोरच एक चाचणी ईमेल पाठवायला सांगा. आणि गारपिटीच्या पंचनाम्याची साक्षांकित प्रत तलाठी कार्यालयातून आत्ताच मागवा, वेळ लागतो.